गुलाबाची दुखणी ऋतूप्रमाणे

गुलाबावरचे रोग आणि किडी ऋतू पाहून येतात. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पानांवर काळे ठिपके, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर शेंड्याकडून काळवंडत जाणाऱ्या फांद्या, थंडीत भुरी आणि मावा, मार्चपासून लाल कोळी आणि फुलकिडे, हा क्रम थोड्याफार फरकाने दरवर्षी तोच असतो. कोकणात पावसाळा लांबतो आणि विदर्भात उन्हाळा अधिक कडक असतो, एवढाच काय तो फेर. हा क्रम ज्याच्या डोक्यात पक्का बसला आहे, त्याला रोग दिसण्याआधीच तयारी करता येते आणि बऱ्याच फवारण्या टळतात. उलट दिसेल त्या डागावर दुकानदार देईल ते औषध मारत राहिले, तर झाड वर्षभर औषधाखाली राहते आणि तरीही आजारीच दिसते.

रोगप्रतिबंधाची सुरुवात लावणीच्या जागेपासून होते. गुलाबाला रोज किमान 5-6 तास थेट ऊन लागते, त्यातही सकाळचे ऊन मोलाचे, कारण ते पानांवरचे दव लवकर वाळवते. दोन झाडांत हवा खेळेल एवढे अंतर हवे. मुळांशी पाणी साचता कामा नये. गच्चीवरच्या कुंड्या भिंतीला चिकटवून ओळीने लावल्या की भिंतीकडच्या बाजूला हवा कोंडते आणि भुरी पहिली तिथेच दिसते. कुंडीच्या तळाची भोके वर्षातून एकदा तरी मोकळी केली पाहिजेत. मातीने बुजलेल्या भोकाची कुंडी पावसाळ्यात भरून राहते आणि मुळे कुजतात.

पावसाळ्यातला मुख्य रोग म्हणजे काळे ठिपके. पानाच्या वरच्या बाजूला गडद, गोलसर ठिपके पडतात. भिंग धरून पाहिले तर त्यांची कड सरळ नसते, बुरशीचे बारीक धागे बाहेर पसरल्यामुळे ती झालरीसारखी दिसते. खताच्या किंवा औषधाच्या डागाची कड अशी नसते, त्यामुळे रोग ओळखायला ही खूण पुरते. ठिपक्याभोवतीचा भाग पिवळा होतो, मग सगळे पान पिवळे पडून गळते. सुरुवात नेहमी जमिनीलगतच्या पानांपासून होते, कारण बुरशीचे बीजाणू खाली पडलेल्या रोगट पानांवर आणि फांद्यांवरच्या डागांवर टिकून राहतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून वर येतात.

हे बीजाणू पानावर पडले म्हणजे रोग झालाच असे नाही. पानात शिरण्यासाठी त्यांना पान सलग सातेक तास ओले लागते. या रोगावरचे सगळे प्रतिबंधक उपाय याच एका गोष्टीतून निघतात. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यायचे, संध्याकाळी झारीने पानांवर ओतायचे नाही. झाडाच्या पोटातल्या बारीक, आत वळणाऱ्या फांद्या काढून मधला भाग मोकळा ठेवायचा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने पावसाळ्याच्या तोंडावर काढून टाकायची. बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा वाळका पाला अंथरायचा, म्हणजे थेंबांबरोबर माती वर उडत नाही. गळलेली पाने रोज वेचून बागेबाहेर काढायची. घरच्या खताच्या ढिगाऱ्यात ती टाकू नयेत, कारण लहान ढीग बुरशी मरण्याइतका तापतच नाही.

रोग दिसल्यावर औषध मारले की तो बरा होतो, असा एक गैरसमज इथे घट्ट रुजला आहे. मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ही बुरशीनाशके पानावर थर धरून बीजाणूला आत शिरू देत नाहीत, आत शिरलेल्या बुरशीला ती बाहेर काढू शकत नाहीत. म्हणून ती रोग दिसण्याआधी, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम या प्रमाणात फवारावी लागतात. मोठ्या पावसाने थर धुऊन गेला की उघडीप पाहून पुन्हा. पानाच्या खालच्या बाजूलाही औषध पोचले पाहिजे. रोग शिरलाच असेल तर हेक्झाकोनॅझोलसारखे आंतरप्रवाही बुरशीनाशक लिटरला 1 मिलि घ्यावे. त्यानेही पडलेला ठिपका जात नाही. नवी पाने स्वच्छ येतात, तेच यश मानायचे.

सगळे गुलाब या रोगाला सारखे बळी पडत नाहीत. पिवळ्या आणि केशरी छटांचे गुलाब जास्त नाजूक असतात आणि त्याचे मूळ त्यांच्या वंशात शोधले जाते. फ्रान्सच्या जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी 1900 साली ‘सोलेय दोर’ हा गुलाब बाजारात आणला. त्यात इराणकडच्या पिवळ्या गुलाबाचा संकर होता. आधुनिक गुलाबांत गडद पिवळा रंग या वाटेने आला आणि त्याच्याबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याची प्रवृत्तीही आली, असे मानले जाते. शंभर वर्षांनी, 2000 साली, अमेरिकेत विल्यम रॅडलर यांचा ‘नॉक आउट’ आला, तो मुद्दाम या रोगाला दाद न देणारा म्हणून घडवलेला. रोपवाटिकेत निवड करताना फुलाबरोबर पानही पाहावे. जाड, चकचकीत पानांची जात पावसाळा सहसा बरा काढते.

पावसाच्या सुरुवातीलाच हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात. वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर, तिन्हीसांजेला, ते कडुनिंब आणि बाभळीवर जमतात आणि जवळच्या गुलाबाची पाने रातोरात कुरतडतात. अंधार पडल्यावर फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. शेजारपाजारच्या चार घरांनी मिळून आठवडाभर हे केले तर उपयोग दिसतो. खरे नुकसान त्यांच्या अळ्या करतात. पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या या अळ्या मुळे खातात आणि भरल्या पावसात झाड पाण्यावाचून सुकल्यासारखे मलूल होते. कच्चे शेणखत हा त्यांचा बागेत शिरण्याचा नेहमीचा मार्ग आहे. खत पूर्ण कुजलेले घ्यावे, चाळून टाकावे, सोबत निंबोळी पेंड मिसळावी. मेटारायझियम ही अळ्यांना रोग लावणारी बुरशी ओल्या मातीत शेणखताबरोबर दिल्यास चांगले काम करते.

सप्टेंबरअखेर पावसाळा संपतो, तेव्हा काळ्या ठिपक्यांनी पाने झडलेले झाड थकलेले असते. त्यानंतर लगेच छाटणी येते आणि इथेच बहुतेक बागांतले गुलाब दगावतात. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी-तपकिरी पडत खाली वाळत जाते. बागाईतदार याला ‘डायबॅक’ म्हणतात, काही जण फांदीमर. याला कारण असलेली बुरशी सहसा जखमेतून शिरते आणि अशक्त झाडात वेगाने पसरते. काळेपणा कलमाच्या डोळ्याच्या खाली उतरला की झाड बहुधा वाचत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक फांदीचे टोक पाहण्याची सवय औषधाच्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त झाडे वाचवते.

छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस ओसरल्यावर, कोरड्या दिवशी करावी. सिकेटर धारदार हवे. बोथट पात्याने फांदी चिरडते आणि चिरडलेल्या सालीतच बुरशी आधी रुजते. काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरपा घ्यावा. डोळ्यापासून लांब घेतलेल्या कापाचा वरचा तुकडा वाळतो आणि मर तिथून सुरू होते. काप घेतल्यावर फांदीच्या मधला गाभा पाहावा. तो पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर काप योग्य जागी आहे. तपकिरी दिसला तर आणखी एक डोळा खाली कापावे, तरीही तपकिरीच असेल तर आणखी खाली, पांढरा गाभा लागेपर्यंत. फांदी कितीही जाड असली तरी इथे मोह धरू नये. रोगट फांदी कापताना दिसणाऱ्या काळ्या भागाच्या दोन बोटे खाली जावे आणि कापलेले तुकडे जाळावेत. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटरचे पाते स्पिरिटने पुसावे.

कापलेल्या टोकांना त्याच दिवशी बोर्डो मलम लावावा. घरच्या बागेसाठी 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी पुरते. मोरचूद अर्ध्या पाण्यात आदल्या रात्री भिजत घालावे, म्हणजे ते पूर्ण विरघळते. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. उरलेल्या पाण्यात चुना विरवून, थंड झाल्यावर फडक्याने गाळून घ्यावा. मग मोरचुदाचे द्रावण चुन्यात हळूहळू ओतत लाकडी काठीने ढवळावे, दाट आकाशी रंगाचा लेप तयार होतो. त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे आणि असा मलम साल भाजतो. खिळा जसाच्या तसा निघेपर्यंत थोडा-थोडा चुना वाढवावा. मलम त्याच दिवशी ब्रशने लावून संपवावा, दुसऱ्या दिवशी त्याचा गुण राहत नाही.

बोर्डो हे नाव फ्रान्समधल्या शहराचे. त्या भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी चुना आणि मोरचूद शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचतात, हे प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि 1885 साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराला ते आजही रोजच्या वापरातले आहे. एक टक्क्याचे पातळ मिश्रण छाटणीनंतर गुलाबाच्या सगळ्या फांद्यांवर फवारता येते. ते जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम चालते.

छाटणीनंतर कोवळी लाल फूट येते आणि नोव्हेंबरपासून तिच्यावर भुरी दिसू लागते. पाने, देठ आणि कळीची मान यांवर पिठासारखा पांढरा थर धरतो, पाने आक्रसतात, कळ्या धड उमलत नाहीत. या बुरशीला काळ्या ठिपक्यांप्रमाणे ओले पान लागत नाही, साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू उलट नीट रुजत नाहीत. तिला रात्रीचा गारवा आणि दमटपणा, पाठोपाठ कोरडा उबदार दिवस मानवतो, म्हणजे घाटमाथ्यावरची आणि देशावरची हिवाळी हवा. नव्या फुटीला घाईने युरिया दिला की ती लुसलुशीत होते आणि भुरीला हवी तशी जागा मिळते. खत बेताने द्यावे, पोटॅश विसरू नये.

भुरीवर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पारा 32 अंशांच्या वर असताना गंधक फवारल्यास पाने करपतात. कडुनिंबाचे किंवा दुसरे कोणते तेल फवारले असेल तर दोन आठवडे गंधक वापरू नये, त्याच्या उलटही नाही. खाण्याचा सोडा अनेक घरांत वापरला जातो. तो काही अंशी चालतो, पण त्यातले सोडियम कुंडीच्या मातीत साठत जाते. पोटॅशियम बायकार्बोनेट त्यापेक्षा बरे.

थंडीत कळ्यांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर हिरवा किंवा गुलाबीसर मावा दाटीने बसतो. मावा संयोगाशिवायच थेट पिल्ले घालतो आणि ती आठवड्या-दीड आठवड्यात मोठी होऊन स्वतः पिल्ले घालू लागतात, म्हणून काल स्वच्छ दिसलेला शेंडा चार दिवसांत भरलेला दिसतो. त्याच्या शरीरातून गळणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. मुंग्या त्या द्रवासाठी माव्याची राखण करतात, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की शेंडा तपासावा. थोडा मावा असेल तर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो, खाली पडलेला मावा सहसा परत चढू शकत नाही. फवारा मारण्याआधी त्या गर्दीत करड्या-काळ्या रंगाची, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, चपळ अळी आहे का ते पाहावे. ती ढालकिड्याची अळी. ती दिवसभर मावाच खाते आणि दिसायला खडबडीत असल्यामुळे लोक कीड समजून तिलाच आधी चिरडतात. ती असेल तर आठवडाभर हात आवरावा. मावा आटोक्याबाहेर असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी 50 ग्रॅम निंबोळी भरड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी वापरावी.

फेब्रुवारी सरताना हवा कोरडी होऊ लागली की लाल कोळी येतो. हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि कीटकनाशके त्याच्यावर बहुधा चालत नाहीत. पानाच्या खालच्या बाजूने तो रस शोषतो, वरून पान बारीक फिकट टिंबांनी भरते, मग तांबूस, निस्तेज होते. उशिरा बारीक जाळीही दिसते. संशय आला तर पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटकावे. पडलेले ठिपके चालू लागले, बोटाने घासल्यावर रेघ उमटली, तर कोळी आहे. तिशीतल्या तापमानात त्याची एक पिढी साधारण आठवड्यात पुरी होते. कोळी खाणारे मित्रकोळीही बागेत असतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले औषध फवारले की ते आधी मरतात आणि लाल कोळी मोकाट सुटतो. ‘औषध मारल्यापासून जास्तच झाले’ ही तक्रार बहुधा याच कारणाने खरी असते.

उन्हाळ्यात सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा देणे हा कोळ्यावरचा पहिला उपाय आहे. पाने ओली करू नयेत हा पावसाळ्याचा नियम इथे मोडावा लागतो. एप्रिलच्या हवेत पान तासाभरात वाळते, काळ्या ठिपक्यांना तेवढा वेळ पुरत नाही. प्रादुर्भाव फार असेल तर ॲबामेक्टिन लिटरला 0.5 मिलि किंवा प्रोपरगाइट 2 मिलि, आलटून पालटून. एकच कोळीनाशक पुन्हा पुन्हा वापरले की कोळ्याला त्याची सवय होते. गंधक कोळ्यालाही मारते, पण नागपूर-अकोल्याच्या उन्हात ते वापरू नये.

त्याच दिवसांत फुलकिडे कळीत शिरतात. मिलिमीटरभर लांबीचे हे कीटक पाकळ्या खरवडतात. कळी अर्धवट उमलते, पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात, पांढऱ्या आणि फिकट फुलांवर हे चटकन दिसते. एक फूल पांढऱ्या ताटलीवर झटकले की पिवळसर-काळे बारीक किडे पळताना दिसतात. औषध मिटल्या कळीत पोचत नाही, म्हणून फुलकिडे वाढण्याआधी आवरावे लागतात. सुकत आलेली फुले झाडावर ठेवू नयेत, फुलकिड्यांची पुढची पिढी तिथेच वाढते. बहुतेक फुलकिडे मातीत कोषावस्थेत जातात, त्यामुळे वाफ्याची माती खुरप्याने हलवत राहावी. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर टांगावेत. गरजच पडली तर स्पिनोसॅड लिटरला 0.3 मिलि, मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी.

खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांना ऋतूचे बंधन कमी. जुन्या फांद्यांवर करड्या-तांबूस खपल्या चिकटून बसतात, त्या सालीचाच भाग वाटतात. नखाने खरवडल्यावर खाली कीड दिसते. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने घासणे आणि फार माखलेली फांदी कापणे, यावर घरच्या बागेचे भागते.

मावळात तळेगाव परिसरातल्या पॉलिहाउसमध्ये फेब्रुवारीच्या निर्यातीसाठी गुलाब घेतला जातो, तिथले चित्र वेगळे असते. छतामुळे पाऊस पानांवर पडत नाही, म्हणून काळे ठिपके क्वचितच. कोंडलेल्या दमट हवेत मात्र केवडा, ज्याला तिथे ‘डाऊनी’ म्हणतात, पानांवर कोनदार जांभळट डाग पाडून काही दिवसांत पाने झडवतो. पडदे वेळेवर उघडून हवा बदलणे हाच त्यावरच्या उपायाचा पाया, औषध त्यानंतर.

काही लक्षणे रोगाची नसतातच. पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल दिसले, तर ते पानकापी माशीचे काम. ती तुकडा घरट्याला नेते आणि परागीभवन करते, तिला मारू नये. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह फवारल्यास पान हिरवे होते, बुरशीनाशकाने होत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पानांच्या कडा करपतात. पानांवर नागमोडी पिवळ्या रेषा दिसल्या तर तो विषाणू. तो प्रामुख्याने कलमाच्या काडीतून येतो, त्यावर औषध नाही आणि त्या झाडाचे डोळे कलमाला घेऊ नयेत.

घराघरात जपून ठेवलेल्या जुन्या पुस्तिकांमधल्या शिफारशी मात्र आता डोळे मिटून पाळता येणार नाहीत. भुरीसाठी डायनोकॅप आणि कोळ्यासाठी डायकोफॉल ही त्यांतली नेहमीची नावे, दोन्हींवर भारतात 2023 मध्ये बंदी आली. हुमणीसाठी टाकला जाणारा फोरेट 2020 च्या अखेरीपासून बंद आहे. मागे उरलेला डबा वापरून संपवण्याचा विचारही करू नये. चालू औषधांत डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. गच्चीवरच्या आणि अंगणातल्या गुलाबासाठी लाल त्रिकोणाची काहीही गरज नाही.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. झाडे चार असोत की चारशे, हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतातच. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. मोजमापाला स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नये. लागेल तेवढेच द्रावण करावे आणि उरलेले मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत औषध भरून ठेवणे सर्वांत घातक, लहान मुले ती ओळखीची बाटली म्हणूनच उचलतात. गुलकंदासाठी, सरबतासाठी किंवा नैवेद्याच्या पदार्थासाठी पाकळ्या हव्या असतील तर रासायनिक फवारणी न केलेली गावठी गुलाबाची दोन झाडे वेगळी ठेवावीत. बाजारातला लांब दांड्याचा गुलाब फुलदाणीसाठी पिकवलेला असतो, तो खाण्यात वापरू नये.